नॅनोमीटरच्या भांडणात गिऱ्हाईक कुठे आहे?

सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या सेमिकॉन परिषदेत 'विक्रम 3201' हा 32 बिटांचा भारतीय प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला आणि ठरलेला वाद पुन्हा सुरू झाला. एका बाजूचं म्हणणं, आपण चिप बनवणारा देश झालो, आता मागे वळून पाहायला नको. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मोहालीत 180 नॅनोमीटरवर (हे चिपवरच्या रेघेचं माप; आकडा जितका लहान तितकं तंत्र पुढचं) छापलेल्या चिपचा कसला अभिमान, जग 3 नॅनोमीटरवर पोचलं आहे. मराठी माणसाच्या तोंडी याला आणखी एक दुःख जोडलेलं असतं. तळेगावला येणार म्हणून सांगितलेला वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प 2022 मध्ये गुजरातेत गेला, आणि वर्षभरात फॉक्सकॉननेही त्यातून अंग काढून घेतलं. त्यामुळे चर्चा फिरून फिरून कारखान्यावरच येते: तो कुणाला मिळाला, किती कोटींचा, किती नॅनोमीटरचा.

मला हा वाद दोन्हीकडून चुकीचा लढला जातोय असं वाटतं. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे, ती म्हणजे प्रोसेसरचं नशीब तो किती बारीक रेघेत आणि कुणाच्या भट्टीत तयार झाला यावर ठरतं. खिशात मावणाऱ्या संगणकांचा 1984 ते 2007 हा काळ बघा, तो याच्या नेमकं उलट सांगतो. प्रोसेसर टिकतो तो ज्या वस्तूत बसतो त्या वस्तूमुळे, त्यावर लिहिल्या गेलेल्या सॉफ्टवेअरमुळे, आणि ती वस्तू वर्षानुवर्षं घेत राहणाऱ्या गिऱ्हाइकामुळे. कारखाना महत्त्वाचा आहेच, पण तो या साखळीतला शेवटचा दुवा आहे. आपण तोच पहिला धरून बसलो आहोत.

आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये असलेलं 'आर्म' हे आरेखन, म्हणजे प्रोसेसरचा नकाशा, केंब्रिजच्या एकॉर्न नावाच्या छोट्या कंपनीत जन्मलं. 1981 मध्ये बीबीसीने देशाला संगणक शिकवण्याची मोहीम काढली, दूरचित्रवाणीवर मालिका केली, आणि तिच्यासोबत शिकायला एक यंत्र हवं म्हणून एकॉर्नचा 'बीबीसी मायक्रो' निवडला. ब्रिटिश सरकारने शाळांना संगणक घ्यायला निम्मे पैसे दिले. यंत्र लाखांनी खपलं. त्या पैशावर आणि आत्मविश्वासावर एकॉर्नने पुढच्या यंत्रासाठी स्वतःचा प्रोसेसर आखायला घेतला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ही मुख्य दोन माणसं. अॅरिझोनामध्ये त्यांनी एक प्रोसेसर कंपनी पाहिली, तिथे मोजकी माणसं साध्या जागेत बसून काम करत होती. हे लोक करू शकतात तर आपणही करू शकतो, एवढा धीर त्यांना तिथून मिळाला. त्यांचे वरिष्ठ हर्मन हाउझर पुढे सांगत, की मी या गटाला इंटेल किंवा मोटोरोलाने कधी न दिलेल्या दोन गोष्टी दिल्या, पैसा नाही आणि माणसंही नाहीत. एप्रिल 1985 मध्ये पहिली चिप हाती आली तेव्हा तिच्यात सुमारे 25,000 ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेच्या सूक्ष्म कळा, होते. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या 80386 मध्ये 2,75,000 होते. आर्मची चिप व्हीएलएसआय या दुसऱ्याच कंपनीने 3 मायक्रॉनवर, म्हणजे 3,000 नॅनोमीटरवर, छापली होती. इंटेल तेव्हा दीड मायक्रॉनवर होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर आर्मची पहिली चिप जन्मतःच मागासलेली होती.

तिच्याविषयीची एक हकीकत फर्बर यांनी अनेकदा सांगितली आहे. चाचणीच्या वेळी चिपला लागणारा वीजप्रवाह मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर. चिप मात्र नीट चालू. शोध घेतल्यावर कळलं, की मुख्य वीजजोडणी झालेलीच नाही, बाकीच्या पायांमधून गळून येणाऱ्या चिमूटभर विजेवर ती चालली आहे. कमी वीज हे काही त्यांचं मोठं तात्त्विक ध्येय नव्हतं. चिप स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात बसवायची होती, जास्त तापली तर ते वितळेल, म्हणून ती थंड राहायला हवी होती. मेजावरच्या संगणकासाठी केलेली ही काटकसर आठ वर्षांनी खिशातल्या यंत्राला उपयोगी पडली.

याच देशात, याच वर्षांत सरकारने चिपसाठी दुसराही मार्ग धरला होता. 1978 मध्ये ब्रिटिश सरकारच्या नॅशनल एंटरप्राइज बोर्डाने इनमॉस या कंपनीत 5 कोटी पौंड घालायचं ठरवलं. वेल्समधल्या न्यूपोर्टला तिचा स्वतःचा देखणा कारखाना उभा राहिला. तिने बनवलेला 'ट्रान्सप्यूटर' हा प्रोसेसर कल्पनेच्या पातळीवर आर्मपेक्षा कितीतरी धाडसी होता. अनेक चिप एकमेकींना जोडून एकत्र कामाला लावता याव्यात, ही सोय त्याच्या रचनेतच होती. पण ट्रान्सप्यूटरला त्याच्या तोडीची रोजची वस्तू मिळाली नाही. 1984 मध्ये सरकारने कंपनी विकली, 1989 मध्ये ती एसजीएस-थॉमसनकडे गेली आणि ट्रान्सप्यूटर इतिहासजमा झाला. इनमॉसमध्ये तयार झालेल्या माणसांनी ब्रिस्टल परिसरात पुढे चांगल्या कंपन्या काढल्या, तेव्हा सगळाच पैसा पाण्यात गेला असं म्हणणं अन्यायाचं होईल. तरी तुलना टाळता येत नाही. सरकारने एकीकडे चिप आणि कारखान्यात पैसा ओतला, दुसरीकडे शाळांच्या खरेदीत. जगभर पसरला तो दुसऱ्या पैशातून उगवलेला प्रोसेसर, आणि तो उगवेल हे खरेदी करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ट्रान्सप्यूटरचं नाव पुणेकरांना अनोळखी नसावं. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळण्यात अडचणी आल्यावर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' उभा राहिला, तो इनमॉसच्या ट्रान्सप्यूटरवर. पुढे ट्रान्सप्यूटर बंद पडला, म्हणून परम बंद पडला का? नाही. पुढच्या पिढ्या दुसऱ्या प्रोसेसरवर गेल्या, कारण सी-डॅकने कमावलेली विद्या ट्रान्सप्यूटरच्या सिलिकॉनमध्ये नव्हती. अनेक प्रोसेसरना एकत्र राबवण्याच्या रचनेत आणि सॉफ्टवेअरमध्ये ती होती. परदेशी चिप वापरली म्हणून परमला कोणी परदेशी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता हातातल्या संगणकांकडे येतो. ऍपलला 1980च्या दशकाच्या शेवटी लेखणीने चालणारं 'न्यूटन' बनवायचं होतं. त्यासाठी आधी एटी अँड टीचा 'हॉबिट' हा प्रोसेसर ठरला होता. एटी अँड टी म्हणजे ज्यांच्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टरच जन्मला ते घराणं. तरी ऍपलने हॉबिट सोडला आणि एकॉर्नच्या आर्मकडे वळलं. फक्त स्पर्धक कंपनीच्या पोटातल्या गटावर विसंबणं ऍपलला नको होतं, म्हणून नोव्हेंबर 1990 मध्ये एकॉर्न, ऍपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. ऍपलने सुमारे 15 लाख पौंड दिले, एकॉर्नने 12 अभियंते आणि आरेखन. रॉबिन सॅक्सबी प्रमुख झाले आणि कंपनीचा संसार केंब्रिजजवळच्या एका खेड्यातल्या जुन्या धान्यकोठारात थाटला गेला. चिप छापायची कुवत नव्हतीच, म्हणून आरेखनाचं लायसन्स विकायचं आणि प्रत्येक चिपमागे मानधन घ्यायचं, हा मार्ग त्यांनी पत्करला.

न्यूटन 1993 मध्ये आला, 20 मेगाहर्ट्झच्या आर्म 610 वर. हस्ताक्षर ओळखण्याच्या त्याच्या चुकांची इतकी टिंगल झाली की ते यंत्र त्यातून कधी सावरलंच नाही, आणि 1998 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी ते बंद केलं. पण न्यूटनच्या गरजांवर घासून आर्मचा प्रोसेसर बॅटरीच्या जगाला लायक झाला होता. पुढे नोकियासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तोच घेतला. फोनमधली मेमरी महाग पडते अशी तक्रार आली तेव्हा आर्मने आज्ञांचा आखूड, 16 बिटांचा 'थंब' संच तयार केला. 1997 च्या नोकिया 6110 मध्ये हा सगळा अनुभव एकत्र आला. म्हणजे वस्तू पडली, तरी तिच्या निमित्ताने झालेली घासाघीस वाया गेली नाही. आपल्याकडे प्रयोगशाळेत चिप तयार होते, तिचा सोहळा होतो, आणि तिला अशी छळणारी वस्तूच मिळत नाही. मग ती सुधारणार कशी?

वेगाचा आणि नॅनोमीटरचा अट्टहास किती फसवा आहे हे 'पाम पायलट'ने दाखवलं. 1996 चं हे यंत्र मोटोरोलाच्या 'ड्रॅगनबॉल' प्रोसेसरवर चालायचं. त्याचा गाभा 1979 च्या 68000 या प्रोसेसरचा, वेग 16 मेगाहर्ट्झ, मेमरी 128 किलोबाइट. जेफ हॉकिन्स यांनी आधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून आकार ठरवला होता आणि मग त्यात बसेल तेवढंच यंत्र केलं. दोन छोट्या पेन्सिल सेलवर ते कित्येक आठवडे चालायचं. ब्रिटनच्या सायन कंपनीने 1991 मध्ये 'सिरीज 3' काढलं तेही चार मेगाहर्ट्झपेक्षा कमी वेगाच्या प्रोसेसरवर, आणि तेही दोन सेलवर. त्यात लिहिण्याचं, हिशेबाचं आणि वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर इतकं नेटकं होतं, की त्याच घराण्यातून पुढे नोकियाच्या फोनवरची सिम्बियन प्रणाली निघाली. या दोन्ही यंत्रांत त्या काळचा सर्वांत वेगवान प्रोसेसर नव्हता. गिऱ्हाइकाला दिवसभरात काय करायचं आहे याचा विचार मात्र सर्वांत खोल होता.

'विंडोज सीई' या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या यंत्रांसाठीच्या प्रणालीवर चालणाऱ्या पहिल्या यंत्रांत हिताचीचे एसएच-3 प्रोसेसर होते, मिप्सचे होते, पुढे आर्मचेही आले. हे सगळेच उत्तम होते आणि बलाढ्य जपानी-अमेरिकी कंपन्यांच्या कारखान्यांत छापलेले होते. पण प्रत्येक प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम वेगळा बांधावा लागे. 2001 अखेरीस तिची 'पॉकेट पीसी 2002' ही आवृत्ती आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने फक्त आर्म ठेवलं, आणि पामनेही 2002 मध्ये आर्मची वाट धरली.

आणि इंटेल? ज्यांना कारखाना हेच सर्वस्व वाटतं त्यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावी. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी कंपनीने आर्मचं लायसन्स घेऊन 1996 मध्ये 'स्ट्राँगआर्म' काढला. साधारण अर्ध्या वॉटमध्ये 160 मेगाहर्ट्झ, त्या काळी चकित करणारी गोष्ट. एका कोर्टकज्जाच्या तडजोडीत तो इंटेलकडे आला. म्हणजे जगातले सर्वोत्तम कारखाने, सर्वोत्तम मोबाईल प्रोसेसर आणि अफाट पैसा एकाच घरात. इंटेलने 'एक्सस्केल' नावाने तो पुढे नेला, ब्लॅकबेरीतही बसवला, आणि 2006 मध्ये 60 कोटी डॉलरला मार्व्हेल या चिप कंपनीला विकून टाकला. पुढच्याच वर्षी आयफोन आला, सॅमसंगने छापलेल्या आर्म चिपवर. इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी 2013 मध्ये जाहीर मुलाखतीत कबूल केलं, की ऍपलने चिप मागितली होती, भाव खर्चाच्या अंदाजापेक्षा कमी वाटला म्हणून नकार दिला, आणि तो अंदाजच चुकीचा निघाला. नंतर चूक सुधारायला इंटेलने मोबाईलमध्ये पैसा ओतला. 2014 या एका वर्षात त्या विभागाचा तोटा 420 कोटी डॉलर होता. कारखान्याने प्रश्न सुटला असता तर इंटेलइतका तो कुणाचा सुटला असता?

यावर विरोधी बाजूचे दोन मुद्दे वजनदार आहेत. पहिला सार्वभौमत्वाचा. 2020 मध्ये अमेरिकेने नियम बदलले आणि तैवानच्या टीएसएमसी या चिप छापणाऱ्या कंपनीला चीनच्या हुवावेच्या चिप छापणं थांबवावं लागलं. त्याआधी 2019 मध्ये आर्मनेही हुवावेशी व्यवहार थांबवायच्या सूचना दिल्या होत्या. आरेखन स्वतःचं असूनही हुवावेचे हात बांधले गेले. कोविडच्या काळात चिपअभावी चाकणपासून डेट्रॉइटपर्यंत गाड्यांचं उत्पादन अडलं. हा धोका कल्पित नाही, आणि देशात काही कारखाने हवेतच हे मला मान्य आहे. पण कारखान्याने परावलंबन संपतं हे मान्य नाही. सर्वांत बारीक रेघ काढणारी यंत्रं जगात एकच डच कंपनी बनवते. कारखाना आला तरी दोरी दुसऱ्याच्या हाती राहते, फक्त गाठ एक पायरी मागे सरकते. शिवाय कारखाना चालतो तो लाखो-कोटी नगांच्या कायम मागणीवर. धोलेराला टाटांचा 91,000 कोटींचा प्रकल्प उभा राहतो आहे. त्यात छापायला भारतीय आरेखनं आणि ती विकत घेणारी भारतीय यंत्रं नसतील, तर तो परक्या आरेखनांचा छापखाना होईल. त्यातून रोजगार मिळेल, सार्वभौमत्व मिळणार नाही.

दुसरा मुद्दा काळाचा. 25,000 ट्रान्झिस्टर मूठभर माणसांनी आखणं 1985 मध्ये शक्य होतं, आजच्या फोनच्या चिपमध्ये ते अब्जांनी असतात. मग एकॉर्नची गोष्ट आज काय कामाची? फोनच्या बाबतीत हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, आणि भारतीय फोन प्रोसेसरची स्वप्नं विकणाऱ्यांनी तो ऐकावा. पण एकॉर्ननेही इंटेलच्या मैदानात जाऊन कुस्ती खेळली नव्हती. आजही वीजमीटर, तिकीट यंत्रं, रेशन दुकानातली ई-पॉस यंत्रं, पाणीमापकं यांना 3 नॅनोमीटर लागत नाही. बर्कलीत 2010 मध्ये सुरू झालेला 'रिस्क-फाइव्ह' हा आज्ञासंच (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी) खुला आहे, त्यासाठी आर्मसारखं लायसन्स लागत नाही. त्यावर आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचे 'वेगा' प्रोसेसर आहेत. आयआयटी मुंबईत पवईला 'अजित' घडला, तो स्पार्क या दुसऱ्या आज्ञासंचावर. 'शक्ती'ची एक चिप 2018 मध्ये इंटेलने 22 नॅनोमीटरवर छापली, दुसरी मोहालीला 180 वर निघाली. आरेखन करणारी बुद्धी आपल्याकडे आहे हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही.

मग अडलं कुठे, हे 'सिम्प्युटर' या हातातल्या भारतीय संगणकाने वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतले अभियंते यांनी 2001 मध्ये त्याचा नमुना दाखवला. लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांत वाचून दाखवणारा, स्मार्ट कार्डामुळे एकच यंत्र अख्ख्या गावाला वापरता येईल असा. आत प्रोसेसर होता इंटेलचा स्ट्राँगआर्म एसए-1110, वेग 206 मेगाहर्ट्झ. कॉम्पॅकच्या 'आयपॅक' या खिशातल्या संगणकात 2000 साली बसला होता तो नेमका हाच, याच वेगाचा. त्यातलं आयपॅक जगभर खपलं. सिम्प्युटर 2004 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून 'अमिडा' नावाने दहा हजार रुपयांच्या आसपास बाजारात आला आणि काही हजार नगांपुढे गेला नाही. चिपच्या माथी हे अपयश मारता येईल का? खेड्यासाठी बनलेल्या यंत्राचं गिऱ्हाईक राज्य सरकारं होती, आणि त्यांची मोठी, सलग मागणी आलीच नाही. मागणी नाही म्हणून किंमत उतरली नाही, किंमत उतरली नाही म्हणून मागणी नाही. तेवढ्यात स्वस्त मोबाईल गावात पोचला.

यावर कोणी 'आकाश' टॅबलेटकडे बोट दाखवेल. 2011 मध्ये सरकारने तो विद्यार्थ्यांसाठी खरेदी केला, आर्म11 प्रोसेसरचा, जगातला सर्वांत स्वस्त म्हणून गाजवलेला. सरकारी मागणी होती, तरी फसलाच. आक्षेप रास्त आहे. सरकारने खरेदी केली की झालं, असं मीही म्हणत नाही. बीबीसी मायक्रो आणि आकाश यांच्यात फरक काय होता ते बघा. बीबीसीने आधी काय शिकवायचं हे ठरवलं, त्यावरून यंत्रात काय काय हवं याची यादी केली, मालिका, पुस्तकं आणि सॉफ्टवेअर सोबत आणलं, आणि किंमत नंतर पाहिली. आकाशची सुरुवातच किमतीपासून झाली. जोराने दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा आणि लगेच संपणारी बॅटरी हे त्या क्रमाचं फळ होतं. सर्वांत कमी बोलीला ठेका देणारा खरेदीदार कुठल्याही प्रोसेसरला मोठं करू शकत नाही, तो देशी असो वा परदेशी.

म्हणून मला वाटतं, या वादाची जागा कारखान्याच्या भूमिपूजनावरून निविदेच्या कागदावर यायला हवी. देशात 25 कोटी स्मार्ट वीजमीटर बसवायचं उद्दिष्ट आहे. सायनने, पामने किंवा एकॉर्नने एवढं मोठं, एवढं खात्रीचं गिऱ्हाईक कधी पाहिलं नव्हतं. या मीटरपैकी दहातल्या एकात जरी भारतीय आरेखनाचा प्रोसेसर सक्तीचा केला, तर ती मागणी अडीच कोटी चिपांची होते. महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकीट यंत्र हा खरोखरचा हातातला संगणक आहे: धुळीत, उन्हात, दिवसभर एका बॅटरीवर चालणारा, मराठीत छापणारा. ते यंत्र घेणारं महामंडळ राज्याचं, आरेखन करणारी माणसं पुण्यात आणि पवईत. पुढच्या खरेदीच्या अटींत यंत्राचे काही टक्के खुल्या आज्ञासंचाच्या भारतीय प्रोसेसरवर असतील, सॉफ्टवेअरचा पाठिंबा दहा वर्षांचा असेल, दुरुस्तीची माहिती खुली राहील आणि पहिल्या दोन वर्षांतल्या चुकांसाठी पुरवठादाराला काळ्या यादीत टाकण्याऐवजी सुधारलेली आवृत्ती मागवली जाईल, एवढं लिहायला हजारो कोटी लागत नाहीत. पहिली आवृत्ती रडतखडत चालेल. कंडक्टर तक्रारी करतील, आणि त्या तक्रारी थेट आरेखन करणाऱ्यांच्या मेजावर पोचल्या पाहिजेत. न्यूटनच्या आणि नोकियाच्या तक्रारी केंब्रिजच्या त्या कोठारात अशाच पोचत होत्या.